ना अप, ना डाऊन

रिंगवर अप नाही, डाऊनही नाही. मुंबईच्या लोकलवर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात हे शिरायला वेळ लागतो. आपल्याकडे सीएसएमटीच्या दिशेने जाते ती अप, कल्याणकडे जाते ती डाऊन. सकाळी सगळं शहर अपला लोंबकळणार आणि संध्याकाळी डाऊनला. मी बर्लिनला वेढा घालून धावणाऱ्या रिंगबानवर गाडी चालवते. इथे घड्याळाच्या काट्यांबरोबर फिरणारी ती एस-४१ आणि काट्यांच्या उलट फिरणारी ती एस-४२. गाडीच्या कपाळावर शेवटच्या स्टेशनाचं नाव नसतं. 'रिंग' एवढंच असतं आणि शेजारी गोल वळलेला बाण. नवखे प्रवासी केबिनच्या काचेशी येऊन विचारतात, "ही टेम्पेलहोफला जाते का?" जाते. फलाटाच्या दुसऱ्या अंगाला उभी असलेलीसुद्धा जाते. एक दहा मिनिटांत पोचवेल आणि दुसरी पन्नास मिनिटांत, इतकाच काय तो फरक.

माझा मामा सेन्ट्रलला लोकलचा गार्ड होता. मी ही नोकरी धरली तेव्हा त्याला व्हिडिओ कॉलवर लाइनचा नकाशा दाखवला. बर्लिनकर या आकाराला कुत्र्याचं डोकं म्हणतात, पश्चिमेला नाकाड आणि पूर्वेला मान. मामाने चष्मा सारखा करून बराच वेळ नकाशा पाहिला आणि विचारलं, "अगं, पण शेवटचं स्टेशन कुठलं?"

"नाहीये."

"नाहीये कसं? मग चहा कुठे पितेस?"

मला हसू आलं. पण पुढे गाडी हातात आल्यावर कळलं की अख्ख्या लाइनचं दुखणं त्याने एका प्रश्नात पकडलं होतं.

टर्मिनस ही रेल्वेची उधारी फेडायची जागा असते. कर्जतला गाडी चार मिनिटं लेट पोचली तरी परत निघायला तिच्याकडे काही मिनिटं राखून ठेवलेली असतात. त्यातली चार गिळायची आणि वेळेवर सुटायचं. गार्ड आणि मोटरमन पाय मोकळे करतात, कोणी वडा खातो, कोणी नळावर तोंड धुतो आणि सकाळपासूनचा गोंधळ तिथल्या तिथे मिटतो. रिंगवर उधारी फिटत नाही, ती पुढच्या फेरीच्या नावावर चढते.

हिशोब असा आहे. रिंग सुमारे ३७ किलोमीटरची, तिच्यावर २७ स्टेशनं, आणि एक फेरी ६० मिनिटांची. गर्दीच्या वेळी दर पाच मिनिटांनी गाडी लागते, म्हणजे एका दिशेला बरोबर बारा गाड्या. तासाभराने प्रत्येक गाडी आपल्याच जागी, आपल्याच मिनिटाला परत येते. ही ६० मिनिटं फार सुंदर प्रकरण आहे, पण त्यात ढिलाई नाही. समजा फेरीला ६२ मिनिटं लागली. मग वेळापत्रकातल्या पुढच्या खाचेत ती गाडी बसत नाही. एक तर तिला कुठेतरी तीन मिनिटं उभं करून ठेवायचं आणि तेरावी गाडी घालायची, किंवा दोन मिनिटं कुठून तरी परत मिळवायची. ती मिळवायची कुठून? दोन स्टेशनांच्या मध्ये सरासरी सव्वादोन मिनिटं असतात आणि त्यातच दारं उघडायची, माणसं उतरवायची, चढवायची, दारं लावायची. प्रत्येक स्टेशनावर दोन सेकंद वाचवायचे म्हटले तरी एका फेरीत मिनिटभरसुद्धा हाती लागत नाही, आणि ते दोन सेकंद तुमच्या हातात नसतातच. ते बाबागाडी घेऊन धावत येणाऱ्या आईच्या हातात असतात, दारात पाय अडकवून मित्राला हाका मारणाऱ्या पोराच्या हातात असतात.

मामा दोन वर्षांपूर्वी इथे आला तेव्हा त्याला शहर दाखवायची माझी मोठी यादी होती. त्याने ती बाजूला ठेवली. "मला तुझ्या गाडीत बसव." केबिनमध्ये कोणाला घेता येत नाही, त्यामुळे तो पहिल्या डब्यात बसला, हातात घड्याळ आणि मांडीवर वही. चाळीस वर्षांची सवय. फेरी संपता संपता आम्ही दोन मिनिटं मागे होतो. माझी बदली त्याच स्टेशनावर होती. मी उतरले, दुसऱ्या चालकाने गाडी घेतली आणि मामाने फलाटावरच वही उघडली. शोनहाउझर आलेला पंचवीस सेकंद, बाबागाडी. नॉयकोल्नच्या अलीकडे सिग्नल लाल, पस्तीस सेकंद, पुढे दुसऱ्या लाइनची गाडी. वेस्टक्रॉइत्सला शाळेची सहल, "तिथे तर जवळजवळ मिनिटच गेलं गं." मला हे सगळं माहीत होतं. पण कोणीतरी पैशापैशाचा हिशोब असा समोर ठेवला की बरं वाटतं. मग त्याने दूर जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं. "आता त्या पोराने काय करायचं? तुझी दोन मिनिटं त्याच्या गळ्यात."

तेच तर. नॉयकोल्नच्या अलीकडे मी थांबले, ती दुसऱ्या लाइनची गाडीही याच दुखण्याचा भाग आहे. रिंगचे रूळ फक्त रिंगचे नाहीत. एस-४६, एस-४७, एस-८ अशा गाड्या बाहेरच्या उपनगरांतून येतात, रिंगच्या काही भागावरून धावतात आणि पुन्हा बाहेर पडतात. दूरच्या कोणत्या तरी गावाजवळ रुळावर झाड पडलं की तिथली गाडी येते ती लेट, आणि आमच्या रांगेत घुसते. ती तिच्या वाटेने निघून जाते. तिने दिलेलं मिनिट मात्र आमच्याकडे गोल गोल फिरत राहतं. मागच्या गाडीला लागतं, तिच्या मागच्या गाडीला लागतं. उशिराच्या गाडीसाठी फलाटावर माणसं जास्त साठतात, जास्त माणसं म्हणजे दारं जास्त वेळ उघडी, म्हणजे आणखी उशीर. तिच्या पाठीमागची गाडी त्याच वेळी रिकामी येते आणि वेळेच्या पुढे धावू पाहते. शेवटी कंट्रोलवाल्यांना एखादी गाडी रिंगमधून काढावी लागते किंवा पाच मिनिटं मागे पडलेल्या गाडीला पाठच्या गाडीचा नंबर द्यावा लागतो. कागदावर मग ती वेळेवर. प्रवाशाला वाटतं, एक गाडी रद्द झाली. दोघंही खरे.

लंडनवाल्यांनी यापुढे हात टेकले. तिथल्या सर्कल लाइनवर वर्षानुवर्षं गाड्या गोल फिरत होत्या. २००९च्या डिसेंबरमध्ये त्यांनी गोल तोडला, एक टोक हॅमरस्मिथपर्यंत ओढून नेलं आणि लाइनला शेपूट दिलं. नाव अजून सर्कलच. आमच्या विश्रांतीच्या खोलीत यावर अधूनमधून वाद होतो. मला विचाराल तर लंडनचा निर्णय शहाणपणाचा होता, आणि तसा तो इथे कोणी घेऊ नये असंही मला वाटतं. ६० मिनिटांत स्वतःच्या जागी परत येणारी गाडी ही हट्टाने जपायची गोष्ट आहे.

मी या हट्टाच्या कामात शिरले ते जरा उशिराच. डोंबिवलीत लहानपण, ठाण्यात एका बँकेच्या बॅक-ऑफिसात नोकरी, मग नवऱ्याच्या कामामुळे बर्लिन. काळा घोड्याच्या माक्स म्युलर भवनात शिकलेलं जर्मन इथल्या भाजीवाल्यापुढे पहिल्याच दिवशी लंगडं पडलं होतं. ते सुधारलं, मुलगा शाळेत जायला लागला आणि चालकांच्या भरतीची जाहिरात मी पाहिली ती गाडीतच. दुसऱ्या धंद्यातून येणाऱ्यांना घेतात, शिकवतात. वर्षभराच्या प्रशिक्षणात ब्रेक, विद्युत, सिग्नल आणि नियम यांचा डोंगर होता. सगळ्यात कठीण वाटला तो डोळसपणे लाइन पाठ करायचा भाग. कुठे चढ, कुठे उतार, ओल्या पानांवर चाक कुठे घसरतं, ऑस्टक्रॉइत्सला उंचावरच्या फलाटात शिरताना ब्रेक कुठे धरायचा, कुठल्या वळणावर संध्याकाळी सूर्य सरळ डोळ्यात येतो. हे पुस्तकात नसतं.

केबिनमध्ये आपण एकटे. मागे गार्ड नाही. फलाटावरच्या कॅमेऱ्यांचं चित्र समोरच्या पडद्यावर येतं, ते बघून आपणच दारं लावायची. आपल्या लोकलला दारं लावायची कटकट बहुतेक गाड्यांत नाही आणि गार्डची घंटा आहे. घंटा ऐकू येत नाही याची चुटपुट मला बरेच दिवस होती. मामाला सांगितलं तर तो नुसता "हं" म्हणाला.

मला लाइन शिकवणारे गृहस्थ पूर्व बर्लिनचे होते, निवृत्तीला आलेले. इथे रेल्वेत सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला 'तू' म्हणताना माझी जीभ अडखळायची, त्यामुळे इथे लिहिताना तरी 'ते'. डोंबिवली, लोकल, मामा असं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, मुंबईत विजेची गाडी कधी आली? ३ फेब्रुवारी १९२५, बोरीबंदर ते कुर्ला. मामामुळे ही तारीख मला झोपेतही सांगता येते. ते खूश झाले. बर्लिनच्या उपनगरी मार्गावर पहिली विजेची गाडी धावली ८ ऑगस्ट १९२४ला, बेर्नाऊच्या लाइनवर. "म्हणजे आम्ही सहा महिन्यांनी थोरले," असं म्हणून त्यांनी मला धाकट्या बहिणीसारखं वागवायला सुरुवात केली. रिंगला वीज त्यानंतर, विसाचं दशक संपता संपता मिळाली.

रिंग त्याहून कितीतरी जुनी. बर्लिनला येणाऱ्या प्रत्येक रेल्वे कंपनीचं आपापलं टर्मिनस शहराच्या वेशीवर होतं आणि ती एकमेकांना जोडलेली नव्हती. आधी १८५१मध्ये त्यांना जोडणारा एक मार्ग चक्क रस्त्यांवरून काढला होता. शहर वाढलं तसा तो अडचणीचा झाला, म्हणून शहराबाहेर शेतांतून मोठा वेढा घातला. पूर्वेचा अर्धा भाग १७ जुलै १८७१ला मालगाड्यांसाठी उघडला, १ जानेवारी १८७२पासून त्यावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या आणि १५ नोव्हेंबर १८७७ला पश्चिमेचा भाग जोडून गोल पुरा झाला. म्हणजे मूळ काम माल आणि सैन्य हलवायचं. शेतं नंतर भरली. पाच मजली चाळवजा इमारती रिंगपर्यंत आल्या, मग ओलांडून पुढे गेल्या. मी आज ज्या फलाटांवर थांबते तिथे भोवताली इतकं शहर आहे की रिंग कधीकाळी बाहेर होती यावर विश्वास ठेवणं जड जातं.

गेझुंडब्रुनेनहून शोनहाउझर आले अडीच-तीन मिनिटं. शिकाऊ असताना मी त्या टप्प्यात सिग्नलांची नावं पुटपुटत होते आणि ते म्हणाले, "इथे माझ्यासाठी जग संपायचं." १३ ऑगस्ट १९६१ला शहराच्या मधून भिंत आली आणि रिंग दोन ठिकाणी कापली गेली, इथे आणि दक्षिणेला झोनेनआले व ट्रेप्टोवर पार्कच्या मध्ये. पूर्वेकडे उरलेल्या तुकड्यावर गाड्या धावत राहिल्या. ते ऐंशीच्या दशकात नोकरीला लागले ते तिथेच. विचित्र गोष्ट अशी की एस-बान, म्हणजे ही उपनगरी रेल्वे, पश्चिम बर्लिनमध्येसुद्धा पूर्व जर्मनीची राइश्सबान चालवायची. आपल्या तिकिटाचे पैसे भिंत बांधणाऱ्यांना जातात म्हणून पश्चिमेच्या लोकांनी तिच्यावर बहिष्कार घातला. समांतर बस, भुयारी गाड्या भरून जायच्या आणि एस-बान रिकामी. सप्टेंबर १९८०मध्ये पश्चिमेतल्या रेल्वे कामगारांनी संप केला आणि तो संपल्यावर पश्चिमेची रिंग बंदच पडली. रुळांमधून भूर्जाची झाडं उगवली. १९८४मध्ये पश्चिमेतली एस-बान तिथल्या वाहतूक कंपनीने हाती घेतली, पण रिंग तशीच पडून.

भिंत पडली १९८९ला. आपण समजतो, दुसऱ्या दिवशी रूळ जोडले असतील. ते इतकं सोपं नव्हतं. दक्षिणेची रिंग १७ डिसेंबर १९९३ला सुरू झाली, भिंतीने कापलेला दक्षिणेचा सांधा १९९७ला जुळला, उत्तरेचा २००१ला आणि शेवटचा तुकडा १६ जून २००२ला. रूळ जोडले तरी पुढची चार वर्षं गाड्या पुरत्या गोल फिरत नव्हत्या. बाहेरून यायच्या, एक वेढा घालायच्या आणि बाहेर निघून जायच्या. २८ मे २००६ला खरी रिंग सुरू झाली. पंचेचाळीस वर्षं लागली. ते गृहस्थ सांगत होते की पश्चिमेच्या भागातून पहिल्यांदा गाडी नेताना त्यांच्याजवळ लाइनचं पाठांतर होतं, नियमांप्रमाणे सही झालेली होती, आणि तरी हालेनझेच्या पुढे त्यांना सारखं वाटत होतं की कोणीतरी अडवणार. मी विचारलं, अजून वाटतं का? त्यांनी उत्तर दिलं नाही, पुढच्या सिग्नलचं नाव विचारलं.

जी रेघ एके काळी शहराबाहेर होती, ती आता शहरातल्या आत-बाहेरची झाली आहे. तिकिटाचा ए विभाग म्हणजे रिंग आणि तिच्या आतला भाग. धुराच्या गाड्यांवर निर्बंध असलेला पट्टाही साधारण रिंगच्या आतलाच, २००८पासून. घर शोधणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच टाकतो, रिंगच्या आत हवं. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवीन आलेली मुलं भाडी विचारतात तेव्हा मी त्यांना बाहेरचे पत्ते सुचवते. त्यांना ते आवडत नाही. दादर सोडून बदलापूर सांगितल्यासारखा चेहरा करतात. मी स्वतः रिंगच्या बाहेर राहते, पहाटेच्या बसने कामावर येते आणि मग दिवसभर त्या रेघेवरूनच फिरते, ना आत ना बाहेर.

एक फालतू गणित सांगते, आमच्याकडे नव्या माणसाला हमखास घातलं जातं. जर्मनीत गाड्या उजवीकडून धावतात, त्यामुळे काट्यांबरोबर जाणारी एस-४१ आतल्या रुळावर असते. दोन रुळांच्या जोड्यांमध्ये चारेक मीटर अंतर धरलं तर आतला वेढा बाहेरच्यापेक्षा किती कमी? लोक ३७ किलोमीटर ऐकून काहीही आकडे सांगतात. उत्तर सुमारे पंचवीस मीटर. रिंग ३७ची असो की ३७०ची. एस-४२ चालवणारे म्हणतात, आम्हाला तेवढा पगार जास्त हवा. चाकांचं मात्र खरं आहे. सतत एकाच बाजूला वळत राहिलं की एका अंगाच्या चाकांची कड जास्त झिजते. कार्यशाळेत त्यावर लक्ष ठेवणारी माणसं आमच्यासारखी विनोद करत नाहीत.

टर्मिनस नसलं की गाडी रिकामी होत नाही, हे मात्र मला आधी सुचलं नव्हतं. कुठलीही लोकल शेवटी कुठेतरी पूर्ण खाली होते. रिंगवर माणूस बसला तर बसला. हिवाळ्यात ज्यांना घर नाही ते दोन सीट धरून झोपतात, तिसऱ्या फेरीलाही तिथेच असतात. डबा गरम असतो आणि कोणाला त्रास नसतो. माझ्या कॅमेऱ्यात ते दिसत नाहीत, फलाटावर उतरून बदली देताना काचेतून दिसतात. काही सहकारी त्यांना चेहऱ्याने ओळखतात. शुक्रवार-शनिवारी गाड्या रात्रभर चालतात आणि वेगळीच जत्रा असते. तरुण पोरांचा एक खेळ आहे, रिंगच्या प्रत्येक स्टेशनावर उतरायचं, जवळच्या दुकानात एक बिअर घ्यायची, पुढच्या गाडीत चढायचं. २७ स्टेशनं. पुरी करणारा अजून मला भेटायचा आहे. लेटचं एक मोठं कारण तेही आहेत, पण त्यांच्यावर रागावता येत नाही. ते दारात पाय अडकवतात आणि सॉरी सुद्धा म्हणतात.

गाडी रिंगमधून बाहेर काढायची असते तेव्हाच काय ती खाली करावी लागते. गर्दीची वेळ संपून पाच मिनिटांऐवजी दहा मिनिटांनी गाड्या लागू लागतात, म्हणजे एक आड एक गाडी यार्डात. घोषणा होते, फलाटावरची पाटी बदलते, तरी लोक बसून राहतात. रिंगची गाडी थांबते यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मागच्या उन्हाळ्यात अशीच गाडी खाली करत होते. डब्यात पाच-सहा पोरं, मध्ये बाटल्यांचा क्रेट. मी दारातून सांगितलं, गाडी इथेच संपते.

"संपते कशी? ही रिंग आहे."

"ही गाडी संपते. रिंग चालू आहे."

त्यांच्यात यावर गंभीर चर्चा झाली. एकाला ते पटलं, त्याने बाकीच्यांना उतरवलं. जाता जाता क्रेटमधली एक बंद बाटली माझ्यापुढे केली. ड्यूटीवर आहे, चालत नाही, म्हटलं.

"मग शेवटच्या स्टेशनावर प्या," तो म्हणाला.

मी त्यांना मागची एस-४२ पाच मिनिटांत लागतेय असं सांगितलं आणि क्रेट दारापासून लांब ठेवायला लावला.